आत्याचं दही आणि आतड्याचं अस्तर

कासारवाडी, ६ जानेवारी २०२५

ती. गवराआत्यास, तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तो स्पीकरवर असतो आणि तुझ्याआधी तुझी सूनच उत्तर देते, म्हणून सरळ पत्र लिहिते. पूनमवहिनीला राग नको.

मला तुझं दही हवंय. खायला नाही, एम.एस्सी.च्या प्रयोगाला. पोटाला चांगले असणारे जिवाणू मी शोधते आहे. ते नुसते पोटात जाऊन भागत नाही. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो. त्याला धरून राहिले तर काही काम करतील, नाहीतर अन्नाबरोबर वाहून जातील. काहींच्या अंगावर केसाहून बारीक धागे असतात, काहींवर चिकट प्रथिनं. गवतातून चालल्यावर लुगड्याच्या काठाला कुसळं धरतात ना, तसंच. आम्ही बशीत आतड्याच्या पेशी वाढवतो, वर जिवाणू सोडतो, धुतो आणि कोण उरलं ते मोजतो.

गावच्या दह्यात काही सापडलं नाही तर विषय बंद, कंपनीचे तयार जिवाणू घे, असं माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. आपल्या चुलीपाशीही शिकण्यासारखं काही आहे, हे मला दाखवायचंय. रोजचंच दही दे, खास काही करू नकोस.

लोभ आहेच, तो आंबू देऊ नकोस.

तुझी तनुजा

निघोजे, ९ जानेवारी

चि. तनुजास, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

माझा दादा ओव्हरटाइम करून तुला शिकवतोय, आन तू बशीत आतडं वाढवतीस! शेजारच्या शालनबाईला सांगितलं, तर तिनं जेवताजेवता ताट सारलं. मग हळूच इचारलं, जावयाचं पोट कायम बिघडतंय, तनुजा बघंल का? मी व्हय म्हणून टाकलं.

आमचा नवनाथ कंपनीची बस घेऊन तिकडं येतोच, त्याच्याकडं दही धाडलंय. वाटंत कुणी खाल्लं तर मला कळव. असं दही हाय की तुजी मॅडम बोटं चाटत बसंल. सायबलोकांत तुजी मान खाली जायची न्हाई.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

गवरा

कासारवाडी, १८ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे. पहिल्याच धुण्यात जवळजवळ सगळे वाहून गेले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरचा सार्थक म्हणाला की तुझ्या गावचे पाहुणे चहासुद्धा न घेता निघाले. मी हसले आणि मग जिन्यात जाऊन रडले. महिनाअखेरीला मॅडम विषय बदलणार आहेत.

एक विचारू? तुझं दही धुरकट आणि आंबट असतं. हे पांढरंशुभ्र, सुरीनं कापावं असं होतं. म्हैस बदललीस का?

आणि शालनबाईंच्या जावयाला डॉक्टरकडे जायला सांग. मी डॉक्टर नाही, हे त्यांना दोनदा सांग.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, सध्या तेवढाच आधार आहे.

तनुजा

निघोजे, २१ जानेवारी

चि. तनुजास, आत्याचे आशीर्वाद. आधी डोळं पूस.

म्हैस तीच हाय. दही आपलं नव्हतं! पिंपळे सौदागरच्या दुकानातलं, पूनमनं आणल्यालं. मी ते गाडग्यात पालथं केलं आन वर घरची साय लावली. एवढ्या शिकल्याल्या बाईम्होरं आपलं आंबटढाण, धुराच्या वासाचं दही कसं ठिवायचं? तुजी शोभा झाली आसती. तुला चूल दाखवायची व्हती आन मी चूलच झाकून ठिवली. पूनम म्हणती, आत्याबाईंनी पोरीचा पेपर लिवला आन नापास केलं.

आज घरचं धाडलंय. विरजण घराबाहेर देत न्हाईत, पर लेक बाहेरची नसती. वास आला तर नाक धर, पर धुवून बघ.

राग आला आसंल तर येऊन भांड, पर ये.

गवरा

कासारवाडी, २ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

राहिले! दुसऱ्यांदा धुतलं तरी राहिले. तिसऱ्यांदा सार्थकनं हौसेनं धुतलं, तरी बरेच धरून बसले. मॅडमनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि विषय माझ्याकडेच ठेवला.

गावभर सांगू नकोस मात्र. बशीत धरले म्हणजे माणसाच्या आतड्यात धरतीलच असं नाही. आधी पोटातलं आम्ल, मग पित्त, एवढ्यातून जगले तर पुढचं. जिवाणूला ओळख म्हणून काही नाव लागतं, ते मी नळीवर ‘गवरा-१’ लिहिलंय. डबा उघडल्यावर सगळ्यांनी नाक धरलं. मी नाही. हे माझ्या आत्याच्या घरचं आहे, असं मोठ्यानं सांगितलं.

आता माझ्यावर लोभ असणं तुला भागच आहे.

तनुजा

निघोजे, ६ फेब्रुवारी

चि. तनुजास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पूनमनं मोठ्यानं वाचलं. तीनदा धुवूनबी गवरा जागची हालंना, हे वाचून ती हसता हसता खालीच बसली. म्हणाली, ह्याला प्रयोग कशाला, मला इचारायचं. शालनबाई म्हणती नाव बदलून घे. मी न्हाई म्हणलं.

काल नवनाथच्या कंपनीचं सायब जेवाय आलं व्हतं. पूनमनं फ्रिजातला दुकानचा डबा काढला. मी तो परत ठिवला आन घरचं वाढलं. सायबांनी तोंड वाकडं करून आंबट हाय म्हणलं. मी व्हय म्हणलं आन आणखी एक पळी वाढली.

तुझीच,
गवराआत्या