आईच्या नावानं एक सीट

३ मार्च, गुरुवार

लिटरला सात लेई वीस बानी! मंगळवारी सहा ऐंशी होतं. पंपावरच्या पोरीला विचारलं, का गं, टाकीत पेट्रोल तेच ना, मंगळवारचंच? म्हणाली, "काकू, मी फक्त पाटी बदलते, भाव नाही ठरवत." मग ठरवतं कोण? तेही तिला ठाऊक नाही. मी सरळ मनानं विचारलं होतं, तिला वाटलं भांडायला आले.

बस बंद होऊन आज दहा दिवस. म्हणजे अगदी बंद नाही — सोमवारी आणि शुक्रवारी भर दुपारी येते, ज्या वेळी गावातल्या कुत्र्यालाही शहरात जायचं नसतं. डिझेल परवडत नाही म्हणे. तेव्हापासून माझा नवरा तोआदेर रोज गाडी काढतो. सहाला निघायचं, आमच्या लेकीला, स्मारांदाला, शाळेपाशी सोडायचं, तसंच पुढे दरवाजांच्या कारखान्यात, सातच्या पाळीला. तीनला सुटला की तिला बसस्थानकापाशी घेऊन परत. जाऊन येऊन बासष्ट किलोमीटर, साडेचार लिटर.

आज जेवताना तोआदेर म्हणाला, "ईस्टरपर्यंत ओढू. नाहीच जमलं तर लाक्राकडे."

लाक्रा त्याची बहीण. इटलीत एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्यालाही एक पोरगी हवी आहे — राहून-खाऊन नऊशे युरो. आमची पोर बारावीत. परीक्षेला साडेतीन महिने उरलेत. मी दहावीवर थांबले, तेव्हाही कुणीतरी असंच जेवता जेवता बोललं होतं.

स्मारांदानं सूप संपवलं, ताटली धुतली.

४ मार्च

पाव वाढला, चार बानींनी नाही, चाळीसनी. दुकानदारीण म्हणते पेट्रोल. बटाटे वाढले — पेट्रोल. देवळातल्या मेणबत्त्यासुद्धा! मेण कुठून येतं, किती लांबून, हे मला आजवर कधी सुचलंच नव्हतं. आता प्रत्येक वस्तू हातात घेतली की वाटतं, तू कुठून चालत आलीस गं? चालत नाही आली, हीच तर गोम आहे.

माझ्या कोंबड्या मात्र पेट्रोल पीत नाहीत. तरी अंड्याला दहा बानी जास्त मागितले तर गिऱ्हाईक देतं. घेतले. मग वाटलं, हे पाप की काय? फादरना विचारायला हवं.

५ मार्च, शनिवार

रस्त्यात हात करणाऱ्यांना तोआदेर गाडीत घेतो. आमच्याकडे सगळेच घेतात. फाट्यावर अक्रोडाच्या झाडाखाली माणसं उभी असतात, गाडी दिसली की हात वर. उतरताना गिअरशेजारच्या खणात पैसे ठेवायचे. मागायचे नाहीत, मोजायचे नाहीत. सात लेई — बसचं तिकीट होतं तेवढेच. दिवसाला वीस-पंचवीस सुटतात, तेवढाच हातभार.

पण मला पडलेला प्रश्न असा — पेट्रोल चढलं, पाव चढला, मेणबत्ती चढली, मग सातचे आठ का होत नाहीत?

तोआदेर म्हणतो, "मी मागू? मी काय टॅक्सी चालवतो?"

कोस्तांदिन काकांना विचारलं. जुने वनरक्षक, रोज मुलीच्या दुकानात बसायला शहरात जातात. म्हणाले, "वारवारा, तो म्हणेल तेवढे देईन. पण तो म्हणतोय कुठं?"

म्हणजे हा लाजतो, तेही लाजतात, आणि लाज सात लेईंवर ठाण मांडून बसली आहे! सगळ्या देशात न वाढलेला हा एकच भाव असावा.

७ मार्च, सोमवार

उपास सुरू. दूध, अंडी, मांस बंद, ईस्टरपर्यंत. पेट्रोल सात नव्वद. तोआदेर म्हणतो, गाडीलाही उपास धरायला लाव.

९ मार्च, बुधवार

आज चाळीस हुतात्म्यांचा दिवस. आठाच्या आकड्यासारख्या मधाच्या वळ्या भाजायच्या, वर अक्रोडाचा चुरा, आणि मेलेल्यांच्या नावानं वाटायच्या. दरवर्षी चाळीस करते. आईला जाऊन या वसंतात वर्ष होईल, म्हणजे यंदा तर हवेतच. तेल बघितलं, पीठ बघितलं, मध बघितला — बाराच केल्या. टोपली घेऊन देवळाच्या अंगणात गेले ती झाकणाखालून बाराच दिसताहेत याची लाज वाटत.

कातिंका मावशी पुढे आल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या, आठवड्यातून तीनदा गुडघ्याच्या उपचाराला शहरात जातात. त्यांना बघितलं आणि एकदम सुचलं. पोमाना म्हणजे मेलेल्याच्या नावानं जित्याला द्यायचं, ज्याला ज्याची वाण आहे ते द्यायचं. मग आज लोकांना वाण कशाची आहे? वळ्यांची? छे!

रीतीप्रमाणे मेणबत्ती त्यांच्या हातात दिली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हटलं, "माझ्या आईच्या, अंगेलिनाच्या आत्म्यासाठी — आमच्या गाडीतली जागा. उपास संपेपर्यंत."

मावशींनी हात धरला, "देव तिला क्षमा करो!" पोमाना घेतल्यावर हेच म्हणायचं असतं, ते म्हटलं की दान पोचलं. बाकी बायाही म्हणाल्या. कुणी डोळेही पुसले. चाळीस वळ्यांनी इतकं झालं नसतं. फार हलकं वाटलं.

१० मार्च, गुरुवार

मी अंडी घेऊन बाजाराला, म्हणून गाडीत होते. कातिंका मावशी बसल्या, पिशवीतून कालची मेणबत्ती काढली आणि पेटवली!

तोआदेर ओरडला, "मावशी! मागं पेट्रोलचा डबा आहे!"

"मग अंगेलिनाला अंधारात पोचवू का?"

"ती पोचली! आता आपण पोचू!"

स्मारांदा इतकी हसली की काच खाली करावी लागली. किती दिवसांनी हसली. शेवटी मेणबत्ती विझवून मावशींनी हातात धरून ठेवली, एकतीस किलोमीटर, सरळ उभी.

१४ मार्च, सोमवार

खण रिकामा. एक बानी नाही.

तोआदेर घरी आला तो टोपी टेबलावर आपटून. "सकाळी तिघं, येताना दोघं. पाचही जण उतरताना काय म्हणाले सांगू? देव अंगेलिनाला क्षमा करो! कोस्तांदिनसुद्धा! अगं, तुझी आई या वेगानं स्वर्गात गेली तर पलीकडून बाहेर पडेल!"

मला आधी कळेचना. मग कळलं. मी "आमच्या गाडीतली जागा" म्हटलं होतं. कातिंका मावशींची जागा, असं कुठं म्हटलं? गावानं सगळी गाडीच आईच्या नावावर लावली. आणि पोमानाचे पैसे द्यायचे नसतात — दिले तर मेलेल्याला काही पोचत नाही, उलट देणाऱ्याला दोष. कोण ठेवेल खणात पैसे?

फाट्यावर जाऊन सांगू का, चूक झाली, एकच सीट दान होती, बाकीच्या विकत? आईचं दान परत मागू? जीभ उचलणार नाही.

पेट्रोल आठ नव्वद. रोजचे चाळीस लेई, सगळे आमच्या खिशातून.

१५ मार्च

फादर इफ्तिमियेंकडे गेले. सगळं ऐकून घेतलं. दाढीत हसताहेत असं वाटलं.

"दिलेलं परत घेता येत नाही, वारवारा."

"पण मी दिलंच नव्हतं, फादर. एकच दिली होती."

"देवानं किती ऐकल्या?"

अंड्याच्या दहा बानींचं विचारायचं राहूनच गेलं.

घरी तोआदेर फार रागावला नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाला, "ईस्टर लांब आहे. महिनाअखेरीला लाक्राला कळवतो." स्मारांदा दारात उभी होती. म्हणाली, "मी चालत जाईन." एकतीस किलोमीटर! तोआदेर म्हणाला, "जा झोप."

१६ मार्च

एक लाल डोक्याची कोंबडी विकायची ठरवली. नंतर नाही विकली, तीच जास्त अंडी देते.

१७ मार्च, गुरुवार

खणात वीस लेई!

संध्याकाळी गाडी पुसताना दिसले. चार घड्या घातलेली नोट, अगदी तळाशी. तोआदेरनं ठेवलेली नाही. मी तर नाहीच.

१८ मार्च

तीस.

२२ मार्च, मंगळवार

काल वीस, आज तीस. आता हे कुणाचं काम, ते शोधल्याशिवाय मला चैन नाही.

कोस्तांदिन काकांना गाठलं. ते तर उसळलेच, "मी? पोमानाचे पैसे? म्हातारपणी मला नरकात घालतेस?" कातिंका मावशींनी अबोला धरण्याइतकं वाईट वाटून घेतलं. बाकीच्यांपैकी कुणी तीस लेई सोडेल असं मला तरी वाटत नाही — माणसं चांगली आहेत, पण इतकी नाहीत.

फादर म्हणाले, "तुझी आईच असेल." आणि हसले. पण अर्धंच हसले.

स्मारांदा पाव मोडत म्हणाली, "आजीच. वर पेट्रोलचा भाव कळला असेल तिला."

हसण्यावारी नेलं मी. पण रात्रीच्या प्रार्थनेत आईचं नाव आलं तेव्हा क्षणभर थांबले. आई अशीच होती. हातात कधी दिलं नाही, उशीखाली ठेवायची आणि वर म्हणायची, मला काय माहीत, उंदरानं आणलं असेल.

२५ मार्च, शुक्रवार

देवदूतानं मारियेला सांगावा दिला तो दिवस, म्हणून उपासात मासळी चालते. छोटे मासे तळले. स्मारांदाला दोन जास्त वाढले, डोळ्यांखाली काळं आलंय पोरीच्या. इतका अभ्यास! जेवता जेवता टेबलावरच डोकं टेकून झोपली. केसांतून हात फिरवला.

खणात चाळीस. पूर्ण दिवसाचं पेट्रोल.

२९ मार्च, मंगळवार

आज तोआदेरनं लाक्राला फोन केला. मी बटाटे सोलत ऐकत होते.

"नाही पाठवत. ... नाही गं, परवडतंय. कसं ते विचारू नकोस, मलाच कळत नाही. ... म्हाताऱ्याला दुसरी बघा. आमची पोर परीक्षा देणार."

सुरी खाली ठेवून क्रुसाची खूण केली. स्मारांदानं बापाच्या गळ्यात हात टाकले, आणि रडली. इतकी का रडली? आनंदानंच. मीही रडलेच की.

तोआदेर मला म्हणाला, "तुझ्या आईला सांग, मी बोललो ते मागं घेतो. पलीकडून बाहेर नको पडू म्हणावं. तिथंच थांब."

३० मार्च

फाट्यावर सातचे अजून आठ झाले नाहीत. दुसऱ्या गाड्यांतही विचारून आले.

३१ मार्च, गुरुवार

बाजारात स्मारांदाच्या वर्गशिक्षिका अंडी घ्यायला थांबल्या. म्हणाल्या, "ताप उतरला का हो तिचा? तुमची चिठ्ठी मिळाली. पण आता दोन आठवडे झाले, परीक्षा जवळ आली." मी कुठली चिठ्ठी लिहिणार! मग हसून म्हणाल्या, "काल तर स्थानकाजवळच्या बेकरीत मला भासच झाला, काउंटरमागे तीच उभी आहे म्हणून."

मी म्हटलं, "उतरतोय ताप." उपासात, धडधडीत खोटं.

खणातल्या नोटा डोळ्यांपुढे आल्या. टोपली तिथंच शेजारणीकडे ठेवली.

बेकरीत रांग होती. माझ्यापुढे सात माणसं. ती पांढऱ्या टोपीत, कोपरापर्यंत पीठ. सुटे पैसे तोंडी हिशेबानं परत देत होती, एकदाही चुकली नाही. माझी पाळी आली. मागे लोक उभे होते. तिनं माझ्याकडे बघितलं, पांढरीफटक झाली, आणि मग सगळ्यांना विचारत होती तसंच मलाही विचारलं —

"काय देऊ?"