दामाजीला कोणाच्या बदल्यात द्यायचं?

दिवा,
१२ मार्च १९५६

प्रिय दामाजी,

हे पत्र धाकूच्या हाती भाईंदरच्या मिठागरावर पाठवतोय. त्याचा गुडघा अजून सुजतो, पण चालतो. मैदानात मात्र तो आता उतरायचा नाही, हे त्यानंच काल सांगितलं. म्हणजे आपल्या संघाच्या सातांतले आता तिघंच उरले. दोघं मुंबईला गेले, एकानं लग्नानंतर खेळ सोडला, आणि हा धाकू. होळीनंतर कल्याणला कबड्डीचे सामने आहेत, आणि मी शाळेत पोरांना पाढे घालून पाटीवर सात गोल काढतो, पुसतो, पुन्हा काढतो. दुपारी मैदानावर जातो, घरी येतो, परत जातो. तुझी बहीण तुळसा म्हणते, “बसा तरी एका जागी. भाकरी वाळून गेली.” बसवत नाही.

काल देवळात आपली कमिटी बसली होती. शहाडकडच्या गिरणीचे श्रीपादराव आले होते, तेच, गिरणीचा संघ बघणारे. त्यांना चढाईचा गडी हवाय. त्याच्या बदल्यात पकडीला दोन तरणे गडी आपल्याला द्यायला ते तयार आहेत. दोघं कल्याणचेच, हाडानं मजबूत. त्यांच्या पहिल्या संघात त्यांना जागा नाही. तू गेलास तर हे दोघं येतील, यंदा आपण हरू, पण दोन वर्षांत संघ उभा राहील. तू नाही तर गोमाजी, असंही ते म्हणाले, पण त्याचं वय चौतीस, म्हणून त्याच्या बदल्यात एकच, तोही उतरतीचा. तिसरा मार्ग कोणालाच न देण्याचा, आणि गावातल्या बाप्यांना लंगोट लावून उतरवण्याचा.

मी गोमाजीला द्या म्हणालो. अर्धा तास बोललो. गोमाजीचा डावा कोपरा कोणीही सांभाळील, चढाई दामाजीशिवाय कोण करील, असं पटवून दिलं. माना डोलल्या. तेवढ्यात मागे खांबाला टेकलेला गोमाजी उठला. सोळा वर्षं आपल्यासाठी खेळलाय तो. म्हणाला, “मना कुनी इचारलं का? आमी काय बाजारान नेलेले बैल हाव?” आणि चपला हातात घेऊन निघून गेला. ठराव तसाच राहिला. श्रीपादराव कागद गोळा करताना सहज म्हणाले, “मास्तर, त्या दामाजीचं मन बदललं का हो? दिवाळीत तर गाव सोडणार नाही म्हणाला होता.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ठरावाची वही मिटली.

तुझ्या मंजुळाला आता सातवा महिना, असं धाकू सांगत होता. तिच्या पायांना खाऱ्या पाण्यानं चिरा पडल्यात, तरी ती तुझ्यासोबत टोपल्या वाहते म्हणे.

दामाजी, दिवाळीत श्रीपादराव तुझंच नाव घेऊन माझ्याकडे आले होते. कापड खात्यात कायमची नोकरी, राहायला खोली, आणि खेळ. मी तुला विचारलंच नाही. दामाजी गाव सोडायचा नाही, असं मीच त्यांना सांगून टाकलं. तू गेलास तर संघ मोडेल, एवढंच तेव्हा दिसलं. आणि संघ मोडला तर मला गावात चिटणीस म्हणून कोण ओळखणार? मी आयुष्यात एकही चढाई केली नाही, तुमच्या जिवावर मिरवलो. दोन महिन्यांनी तू मंजुळाला घेऊन मिठागरावर निघालास, तेव्हाही मी तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आलो आणि गप्प राहिलो. आज सकाळी तुळसाला सगळं सांगितलं. तिनं दौत-टाक आणून माझ्यासमोर ठेवला. सोबत संघाचं ना-हरकतीचं पत्र आहे, माझ्या सहीचं. बदल्यात कोणी मागायचं नाही, असं मी कमिटीला कळवलंय. गोमाजीच्या दारात जाऊन त्याचीही माफी मागून आलो. श्रीपादरावांकडे जागा येत्या सोमवारपर्यंतच आहे. जायचं की नाही, ते या वेळी तू ठरव. येणार असलास तर सोमवारी सकाळी अकराच्या आत शहाडला पोच. मी गिरणीच्या फाटकाशी उभा असेन. बोलावंसं वाटलं नाही, तर न थांबता आत जा.

तुझाच भावोजी,
राघो