मिठाची पुडी

शुक्रवार, ता. ९

निघालो एकदाचे! सुट्ट्या जोडून आल्या म्हणून बेकरीला चार दिवस कुलूप — सदतीस वर्षांत पहिल्यांदा. यांनी ते कुलूप तीनदा ओढून पाहिलं. "अहो, भट्टी पळून जात नाही," मी म्हटलं. "तुला काय कळतंय त्यातलं!"

शहरात उतरायचं वन्संकडे. बाहेर जेवायचं, नाटक बघायचं, माझा चष्मा, यांचे बूट. आणि सोमवारी अकराला त्या मोठ्या पावकंपनीच्या साहेबांची भेट. आमची बेकरी त्यांना विकत हवी आहे. दोन पत्रं आली, दोन्ही यांनी ड्रॉवरमध्ये कोंबली. आता म्हणतात, "समोरासमोर नाही सांगून येतो." नाही सांगायला नवा शर्ट शिवतं का कुणी?

गाडीत आमचाच पाव, लोणी लावून. अळणी! थंडीत यांना तो मोठा ताप आला, त्याच सुमारास डॉक्टरांनी माझा रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरच्या पावातलं मीठ गुपचूप कमी झालंय. बोलून दाखवतील तर ते हे कसले! मग मीही गुपचूप वरून घेते. पर्समध्ये पुडी असतेच. हे खिडकीबाहेर बघायला लागले की चिमूटभर.

शनिवार, ता. १०

चष्म्याच्या दुकानदारानं जुना चष्मा ठेवून घेतला. "संध्याकाळी या." तोवर सगळं जग धुक्यात.

बूट घेतले. चौदा जोड घालून पाहिले, मग पहिलाच घेतला. मी काही बोलले नाही. म्हणजे, फारसं नाही.

नंतर कॉफी. साखर कमी होती. गाडीतल्या चहाबरोबर आलेली साखरेची पुडी पर्समध्ये होती, ती काढली. थोडी यांच्या कपात, थोडी माझ्या. एक घोट घेतला आणि — देवा! मीठ! वर पाहते तर यांचा कप रिकामा. "छान आहे कॉफी," म्हणाले, मिशी पुसत.

मी माझा कप हळूच दूर सारला. काय सांगावं! लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी सूप केलं होतं. शाळेत भरतकाम शिकले, पियानो शिकले, चुलीचं काही नाही. हे पहिल्या चमच्याला म्हणाले होते, "सूप आहे की समुद्र?" तोच माणूस आज मला वाईट वाटू नये म्हणून कपभर खारट कॉफी पितो! खाल्ल्या मिठाला जागणारा नवरा! दुपारभर मी यांच्याकडे नव्या नवरीसारखी बघत होते. चष्मा नसल्यामुळे दिसायलाही बरे दिसत होते.

संध्याकाळी वन्संबरोबर मोठ्या हॉटेलात जेवण. पावाची टोपली आली. दुसऱ्याचा पाव म्हणजे यांची मेजवानी — फोडायचा, नाकाशी न्यायचा आणि मग त्या बिचाऱ्या बेकरीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. आज नुसते खात राहिले. "बरा आहे."

वन्सं म्हणाल्या, "दादा, अंगात ताप आहे का रे? नावं नाही ठेवलीस!"

"वय झालं. शहाणा झालोय."

"वहिनी, हे कधी झालं?"

आम्ही दोघी खूप हसलो.

रविवार, ता. ११

नाटक. विनोदी होतं, असं बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं.

पहिल्या अंकात रंगमंचावरच्या दिव्याची वायर जळाली. असा उग्र वास! पुढच्या रांगा उठल्या, बायका नाकाला रुमाल लावून दाराकडे. हे आरामात बसलेले. "काय झालं? मध्यंतर?"

मी यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस घरात झोपलेला असताना रस्त्यापलीकडच्या भट्टीत पाव एक रंग जास्त भाजला तर उठून बसायचा.

कॉफी.

माझ्यासाठी नव्हती प्यायली.

सोमवार, ता. १२

कंपनीच्या इमारतीसमोरच्या बाकावर बसवलं यांना. नव्या शर्टाची कॉलर टोचत होती. पावणेअकरा.

"वास येत नाही ना तुम्हाला?"

"कसला?"

"कसलाच."

बूट बघत बसले. मग म्हणाले, तापापासून. चवही गेली. डॉक्टर म्हणतात, येईल, कदाचित नाही येणार. "गिऱ्हाईकं तुटतायत गं. निम्मी राहिली. पावात काहीतरी चुकतंय आणि काय चुकतंय ते मला कळत नाही. नाव जायच्या आधी विकलेली बरी."

आयुष्यभर यांनी मीठ तोलून टाकलं नाही. मुठीनं टाकायचं, मळलेल्या पिठाचा तुकडा जिभेवर ठेवायचा, मग ठरवायचं.

"अहो, घरचा पाव तुम्ही वेगळा करता ना? माझ्या रक्तदाबासाठी?"

"वेगळा? एकच पीठ मळतो मी. कधी वेगळं केलंय?"

शाळेत सिस्टर म्हणायच्या, गप्प राहून बोललेलं खोटं तेही खोटंच. बाकावर उभं राहण्याची शिक्षा तेवढीच. मी सकाळपासून यांना या वाक्यानं बोलणार होते. तोंडातच राहिलं.

एवढंच म्हटलं, "आज सही करू नका. उद्यापर्यंत वेळ मागा. माझ्यासाठी."

दहा मिनिटांत बाहेर आले. "उद्या दहाला फोन करणार आहेत. आता तरी सांगशील का?"

"घरी गेल्यावर." धीरच होईना.

मंगळवार, ता. १३

घरी. भट्टी पेटली. सांगून टाकलं — पाव अळणी आहे, चार महिने अळणी आहे, मला माहीत होतं, आणि मी पर्समध्ये पुडी घेऊन फिरत होते. यांनी पिठावरून मान वर केली. मग — "कॉफीत मीठ होतं? आणि मी छान म्हणालो?"

पिठाचा तुकडा तोडला, सवयीनं स्वतःच्या तोंडाकडे नेला, थांबले. माझ्यापुढे धरला. "सांग."

"अजून लागेल."

पुडीत उरलं होतं ते मीच टाकलं. दहाला फोन वाजला, परत वाजला. आमचे दोघांचेही हात पिठात होते.