उसनवारी आणि पंगत

प्रिय चैताली (मॅडम म्हणायला माझी जीभ वळत नाही, वर्गातल्या पोरांनी म्हणावं),

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोन दिवाणखान्यात होता, स्पीकरवर होता आणि शेजारी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. आमच्या घरात बायकांचे फोन असेच होतात, सगळ्यांना ऐकू येतील असे. तू सांगत होतीस की नव्या अभ्यासक्रमात गॉथिक कादंबऱ्या आणि रोमँटिक कविता यांच्या नात्यावर अख्खं युनिट आलंय, माझा एम.ए.चा प्रबंध त्यावरच होता म्हणून माझी टिपणं असतील तर मागत होतीस. मी नुसतं हो-हो केलं. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "गॉथिक म्हंजी पित्ताची गोळी हाय का?" मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. अगं, किती दिवसांनी हसले मी! पण ते मोरीत जाऊन.

टिपणं काही राहिली नाहीत. या बंगल्यात राहायला आलो तेव्हा माझ्या पुस्तकांचं खोकं रद्दीत गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही, कपाटात जागा नव्हती इतकंच. त्यामुळे डोक्यात उरलंय तेवढं लिहितेय, दुपारी सगळे आडवे झाले की. हाताला सवय राहिली नाही, दोन ओळी झाल्या की मनगट दुखतं. अक्षराला हसू नकोस.

तर लिहून घे. पोरांना पहिल्याच तासाला सांग की वादळ एकच आहे. अकलेनं सगळं कळतं म्हणणाऱ्या शतकाला रोमँटिक कवी आणि गॉथिकवाले दोघंही कंटाळलेले होते. दोघांनाही डोंगर हवे, पडके मठ हवे, चांदणं हवं, काळजाचा ठोका चुकायला हवा. फरक एवढाच की कवी त्या वादळात टेकडीवर उभा राहतो, छातीभर वारा घेतो आणि घरी येऊन कविता लिहितो. गॉथिक कादंबरीतली बाई तेच वादळ आतून ऐकते. तिची खिडकी आपटते, मेणबत्ती विझते, आणि बाहेर पडायचं तर किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. वारा तोच. कोण बाहेर आणि कोण आत, एवढ्यावरून दोन वाङ्मयं झाली. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं सापडायचं नाही तुला, पण परीक्षेत चालून जाईल.

हॉस्टेलात आपण यावरून किती भांडायचो! खिडकीजवळची कॉट माझी, म्हणून सगळ्या मला खिडकीवाली म्हणायच्या. मी तिथं मांडी घालून कवींची वकिली करायची आणि तू खाली सतरंजीवर बसून गॉथिकची. तुझं म्हणणं होतं, या कवींनी गॉथिककडून भुतं उचलली, शाप उचलले, पडझड उचलली, आणि नाव झाल्यावर म्हणाले, ती भिकार पुस्तकं आमची कुणी नव्हेत. टीकाकारांनीही तेच केलं. कवींना बैठकीत गादी आणि गॉथिकला ओसरीच्या कडेला बसवलं. "उसनवारी हाय, पंगत न्हाई," असं तू तुझ्या नेकनूरच्या बोलीत म्हणालीस. ते वाक्य आपण दोघींनी मिळून इंग्रजीत बसवायचा प्रयत्न केला होता, पण त्यातली पंगत काही केल्या बसेना. मला तेव्हा ती गंमत वाटली. तू कुठून बोलत होतीस हे कळायला मला फार वर्षं लागली ग.

गॉथिकचं सामान पोरं पाठ करतीलच. पडका किल्ला, बंद खोली, जुना शाप, चोरवाट. चोरवाटेचं मी शेवटी सांगते, ते महत्त्वाचं आहे. पण पडका किल्ला लागतोच असं नाही, हे माझ्या अनुभवावरून सांग. आमचा उमापूरचा बंगला नवा कोरा आहे. फरशीत तोंड दिसतं, छताला निळे दिवे, चारी बाजूंनी कॅमेरे, आणि त्यांचा पडदा सासूबाईंच्या पलंगासमोर. त्या मालिका बघत नाहीत, फाटक बघतात. दाराला कुलूप कधीच नसतं. कशाला लागतंय? मोठ्या घरची बाई एस.टी.नं जात नाही, हे एक वाक्य पुरतं. जायचं तर घरच्या गाडीनं, आणि गाडी मोकळी नसते. सभा असते, कुणाचं तरी मौतीचं असतं, तालुक्याला साहेब आलेले असतात. मी माहेरी शेवटची कधी गेले, मला आठवत नाही.

विजयसिंह वाईट माणूस नाहीत. हे मी तुला मागेही सांगितलं होतं. त्यांनी कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. आमचं लग्न ठरल्यावर सगळे नारायणगडाला दर्शनाला गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला बाजूला नेऊन वाऱ्यावरची एक इंग्रजी कविता तोंडपाठ म्हणून दाखवली होती. मी तिथंच विरघळले. लग्नानंतर शिकवा की खुशाल, म्हणाले होते. कविता ते अजून म्हणतात, पण भाषणात. लोक टाळ्याही वाजवतात. मी घरात बसून मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ बघते आणि स्वयंपाकाला लागते. राग येत नाही आता. दमायला होतं फक्त.

आता माझ्या सायलीचं सांगते, कारण तिच्यापायी माझी झोप उडालीय. वीस सरली तिला. गेवराईला बी.ए.चं दुसरं वर्ष झालं, इंग्रजीत कॉलेजात पहिली आली. पुढे एम.ए. करायचं, मग तुझ्यासारखं शिकवायचं, असं तिचं चाललेलं असतं. गेल्या महिन्यात चकलांब्याच्या एका घराण्यात तिची सुपारी फुटली. घराणं तोलामोलाचं, पुढाऱ्यांचं. तुळशीचं लग्न झालं की हिचं. सुपारी फुटल्याचं तिला दुसऱ्या दिवशी चहा गाळताना कळलं. ती बैठकीत गेली आणि सगळ्यांसमोर नाही म्हणाली. चैताली, कुणी रागावलंसुद्धा नाही. तेच मला भयंकर वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्याच न्हाई म्हनत्यात, मंग नांदत्यात." आणि विजयसिंह म्हणाले, शिकेल की लग्नानंतर. हेच वाक्य माझ्या वडिलांना सांगितलं होतं या घरानं. शब्द इकडचा तिकडे नाही. तेव्हापासून पोरीचा फोन सासूबाईंच्या कपाटात आहे आणि कॉलेज बंद आहे. कारण विचारलं तर गाडी मोकळी न्हाई.

काल इथवर लिहिलं आणि सासूबाई उठल्या, म्हणून कागद पिठाच्या डब्याखाली सरकवले. त्यावर पीठ दिसलं तर झटकून टाक.

आज मनात सारखी तुझी एक आठवण येतेय. तू सायलीच्या बारशाला आली होतीस. मालनबाईंनी स्वतः शिवलेली कुंची आणली होतीस, जांभळ्या खणाची, पिवळी झालर लावलेली. तुझी आई ती, पण हॉस्टेलातून तुमच्याकडे आले की आधी मला वाढायची. आपल्याच ताटात घेऊन बसायची, खरडा जास्त झाला की आपणच पाणी पुढे करायची. मी माहेरी सांगायचे, मैत्रिणीकडे गेले होते. कुठली मैत्रीण, हे कुणी विचारलं नाही. आणि तू त्या बारशाला आमच्या घरी आलीस तेव्हा तुला कान तुटलेल्या कपात चहा आला. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. तू चहा प्यायलीस, कप स्वतः विसळलास, कोनाड्यात पालथा घातलास, पाळण्याला एक झोका दिलास आणि गेलीस. पुन्हा आली नाहीस, आणि कशाला येशील! कुंची सासूबाईंनी बाळाच्या अंगाला लागू दिली नाही. मी ती माझ्या लुगड्यांत दडवून ठेवली. गोठा गेला, जुनं घर गेलं, पण तो कप इथल्या नव्या बंगल्यातही आलाय. मागच्या नळापाशी असतो. पुस्तकांना जागा नव्हती, कपाला मिळाली.

फोन गेल्यापासून सायली ओट्यापाशी माझ्याजवळ बसते. मी भाकरी थापता थापता तिला त्या जुन्या कादंबऱ्यांच्या गोष्टी सांगते, आठवतील तशा, दोन-तीन एकमेकींत मिसळूनसुद्धा. परवा मी रंगात येऊन सांगत होते, की वादळ सुटलंय, बाई जिन्यात उभी आहे, वरच्या खोलीतून पावलं वाजतायत. तर पोरगी म्हणाली, "आई, पण ही मागच्या दारानं कावून जात न्हाई?" मी प्राध्यापकासारखं उत्तर दिलं, की अगं, ती गेली तर कादंबरीच संपेल. ती म्हणाली, "संपू दे की." बाई गं! एवढे टीकाकार वाचले मी, पण हे कुणी म्हटलं नव्हतं. भाकरी तव्यावर करपली. मला रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. ती नुसती बारीक होत चाललीय. काल तिनं गुमान हळदीच्या साडीचा रंग सांगून टाकला, आणि सासूबाई खूश झाल्या. मी मात्र घाबरले. तो आवाज मला ओळखीचा होता. माझाच होता तो.

म्हणून आता चोरवाट. पोरांना सांग, चोरवाट प्रत्येक गॉथिक घरात असते आणि घरच्या मालकाला ती कधी दिसत नाही. ती फार गुप्त असते म्हणून नव्हे. त्या बाजूला त्याने कधी पाऊलच टाकलेलं नसतं म्हणून. हे पत्र पोस्टानं आलं नाही, हे तू दार उघडलंस तेव्हाच तुला कळलं असेल. समोर तोंडाला स्कार्फ बांधलेली जी उभी आहे ती सायली. प्रचाराची धामधूम आहे, घरातल्या सगळ्या गाड्या बाहेर आहेत आणि सासूबाई आज महिला मेळाव्याला पहिल्या रांगेत आहेत, कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर कुणी नाही. मी तिला मागच्या नळाच्या बाजूनं काढून बीडच्या एस.टी.त बसवायला निघालेय. आता घरचे शोधतील. मावशीकडे जातील, आत्याकडे जातील, गेवराईपासून नेकनूरपर्यंत सोयऱ्यांचं एकेक दार वाजवतील. तुझं वाजवणार नाहीत. आपली पोरगी तुमच्याकडे जेवायला बसली असेल, हे त्यांच्या डोक्यात येऊच शकत नाही, चैताली. ज्या कपापायी तू पुन्हा माझ्या दारात आली नाहीस, त्याच कपाच्या आडोशाला मी माझी पोरगी ठेवतेय. याची मला लाज वाटते आणि तरी मी ठेवतेय. पुन्हा उसनवारीच. कधीतरी त्यांना कळेल आणि तुला त्रास होईल, ही माणसं साधी नाहीत. तुला नाही म्हणायचा पुरता हक्क आहे. नाही म्हणालीस तरी माझी तू आहेस तीच राहशील, फक्त तिला मुलींच्या वसतिगृहापर्यंत सोड. ती सज्ञान आहे, काल रात्री मी विचारलं तेव्हा लगेच हो म्हणाली, स्वतःच्या मनानं आलीय, गुणपत्रिका पिशवीत आहेत आणि विचारलं तर पोलिसांपुढेही तसंच सांगेन म्हणते. माझी काळजी करू नकोस. मी दमलेय ग, पण आज भीती वाटत नाही. पिशवीच्या तळाशी मालनबाईंची कुंची आहे, ती त्यांच्या हातात दे. आणि तुला हो म्हणावंसं वाटलं, तर पोरीला आधी जेवायला घाल. सकाळपासून उपाशी आहे. तुमच्या ताटातच घे तिला. कप स्वतः विसळून ठेवायला मी तिला शिकवलंय.

तुझीच,
खिडकीवाली वनमाला