उघडे कार्ड

जळगाव, ४ जानेवारी १९६८

ती. अक्कास कमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. या आठवड्यातलं तिसरं. शाळेत साठ मुलींच्या इंग्रजीच्या वह्या तपासून घरी यावं, तर उंबऱ्यात तुझे नऊ प्रश्न वाट पाहत असतात. 'इ.जी.' म्हणजे उदाहरणार्थ आणि 'आय.ई.' म्हणजे अर्थात, हे मी दिवाळीतच लिहिलं होतं. 'डू' कुठे आणि 'मेक' कुठे याला नियम नाही, पाठ कर. पण दुकानाच्या पाटीवर 'मेसर्स' का लिहितात, आणि 'लेफ्ट' म्हणजे डावा तर परत आलेल्या पाकिटावर 'लेफ्ट' का, हे मॅट्रिकला कोण विचारणार आहे? मार्च दोन महिन्यांवर आला. धड्यांवर लक्ष दे.

रागावले तरी तुझीच,
कमल

---

आंबेपिंपरी, जि. धुळे, ११ जानेवारी

चि. सौ. कमल हिस अ. उ. आ.

'मेसर्स'चा प्रश्न समोरच्या दुकानदार रुपचंदशेठचा आणि 'लेफ्ट'चा आपल्या पोस्टमन आधारभाऊंचा. तुझं कार्ड माझ्या आधी तेच वाचतात, ओट्यावर उभं राहून. वर एका वहीत उतरवूनही घेतात. मी चिडले, तर म्हणाले की कार्ड उघडं शे, मी काय करू! त्यांचे प्रश्न पाठवायला नाही म्हणवत नाही गं.

तुझ्या इंग्रजीने माझा जीव खाल्ला आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्यालाच 'डिअर सर' म्हणायचं? आणि तोडक्या अक्षरांना मी हसले की तू रागावतेस, पण 'शि. सा. न. वि. वि.' तरी आपण कुठे पुरतं लिहितो?

संस्थेचं पत्र आलं आहे. या वेळी मॅट्रिक झाले नाही, तर जूनपासून शाळेत शिकवायला माझ्या जागी दुसरी बाई येईल, आणि ही शाळेची खोलीही सोडावी लागेल. दोनदा इंग्रजीनेच पाडलं. एक्केचाळिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा बसायची लाज वाटते, पण बसणार. सोबत प्रश्न सात.

बाळाचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझी,
अक्का

---

जळगाव, २० मार्च

ती. अक्कास सा. न.

हे मुद्दाम बंद पाकिटात लिहिते आहे. सव्वीस फेब्रुवारीला बाळाला ताप होता, परीक्षेचे पेपर काढायचे होते, आणि त्याच दिवशी तुझे बारा प्रश्न आले. माझा तोल गेला. हे तुझ्या आवाक्यातलं नाही, उगीच फजिती करून घेऊ नकोस, आता प्रश्न पाठवू नकोस, असं मी कार्डावर लिहून टाकलं. आधारभाऊंना वाचता येऊ नये म्हणून सबंध इंग्रजीत लिहिलं, एवढीच काय ती अक्कल राहिली होती.

तेव्हापासून तुझी एक ओळ नाही. पेटीत कार्ड टाकलं त्या क्षणापासून मला चैन नाही. अक्का, तू परीक्षेला बसलीस ना? एवढंच कळव. मग हवं तर वर्षभर बोलू नकोस.

कमल

---

आंबेपिंपरी, २९ मार्च

चि. सौ. कमल हिस आशीर्वाद.

बसले. धुळ्याला चार दिवस राहून सगळे पेपर दिले. अभ्यासापायी तुला लिहिणं राहिलं, रागाने नव्हे. तुझं पाकीट आलं तेव्हा तू कुठल्या कार्डाबद्दल म्हणतेस तेच मला कळेना. आधारभाऊंना विचारलं. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवीच्या तळातून कार्ड काढून दिलं.

महिनाभर त्यांनी ते जवळ ठेवलं होतं. म्हणाले, माले बठ्ठं समजनं. सगळ्यात दोनच शब्द अडले, ते वहीत पाहिले. वही तुझ्याच कार्डांवरून भरलेली. मग त्यांनी ठरवलं की पेपर होईपर्यंत हे द्यायचं नाही. मी फार बोलले त्यांना. टपाल अडवलं म्हणून नोकरी गेली असती म्हटलं. ते म्हणाले, तुमनीबी गई असती.

मग मी कार्ड वाचलं. दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तुझ्या ज्या हाताला अक्षर गिरवायला मी शिकवलं, त्याच हाताने ते लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला एकही शब्द अडला नव्हता. तेव्हा तर तुझा आणखीच राग आला.

बाळाला सांभाळ. राग जाईल, त्याला वेळ दे.

अक्का

---

जळगाव, ८ जून

आधारभाऊंस सप्रेम नमस्कार.

अक्काच्या, म्हणजे तुमच्या नर्मदाबाईंच्या, पत्त्यावरचं हे कार्ड आधी तुमच्यासाठी आहे. तार केली असती, पण तार बंद येते. आज सकाळी वर्तमानपत्रात अक्काचा नंबर शोधला. निकाल खाली एका ओळीत लिहिला आहे, इंग्रजीत. त्यात तुमच्या वहीबाहेरचा एकही शब्द नाही. ओट्यावर उभं राहून, रुपचंदशेठना दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचा. मगच कार्ड तिच्या हाती द्या.

तुमच्या पिशवीची ऋणी,
कमल

नर्मदा हॅज पास्ड. आय वॉज राँग.