विमानाला दाखवायचं लाल फडकं

मामा, आज तुमच्या नातवानं उसावर ड्रोननं औषध मारलं. यंत्र भुणभुणत वर उठलं आणि मी, गुडघे धरलेली म्हातारी, बांधावर टाळ्या पिटत उभी! तो हसायला लागला, "आई, येवढं काय त्यात?" आता त्याला काय सांगू? अरे बाबा, तुझ्या आज्यानं खरं विमान नाचवलंय, आत माणूस बसलेलं, उसाच्या शेंड्याला पोट घासत जाणारं!

दुष्काळाचं साल होतं ते. नदीकाठचा तेवढा ऊस जगला होता, त्यावरही रोग पडला, म्हणून कारखान्यानं फवारणीला विमान आणलं. ते बघायला चकलांब्याच्या आत्याबाई, तुमच्या बहीण, लेकरंबाळं घेऊन मुक्कामाला आल्या. शेतात उभं राहून विमानाला खूण करायचं काम तुम्हाला मिळालं, काय रुबाब तुमचा! पांढरं फडकं हलवलं की फवारायचं, लाल दाखवलं की वर जायचं. आदल्या दिवशी वैमानिक आपल्या ओसरीवर चहा प्यायला. म्हणाला, "थंडीत सकाळी वारा नसतो, औषध सरळ खाली बसतं. पण धुकंही तेव्हाच असतं. तार मला दिसत नाही, काका. तुम्ही दिसता." नव्या विहिरीवर आठच दिवसांपूर्वी विजेची तार ओढली होती. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "काळजी नका करू सायेब. मी हाय की."

सकाळी सगळं गाव बांधावर. मी पाच महिन्यांची पोटुशी, तरी विमान बघायचं म्हणून लग्नातलं लाल लुगडं नेसलेली. धुक्यातून घरघर आली आणि ते असं डोक्यावरून गेलं की आत्याबाई खालीच बसल्या! मला तर ओरडावंसं वाटत होतं. एक पट्टा झाला, दुसरा झाला. मग विमान विहिरीकडे वळलं आणि तुम्ही लाल फडक्यासाठी पिशवीत हात घातलात. पुन्हा घातलात. पिशवी उलटी केलीत. तुम्ही दोन्ही हात हलवून "वर! वर!" ओरडत होता, पण बांधावर अख्खं गावच हात हलवत होतं, उपरणी उडवत होतं. त्या बिचाऱ्याला काय कळणार?

मी पळाले. डोक्यावरचा पदर ओढून काढला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि ढेकळांतून बोंबलत सुटले. विमानानं नाक वर केलं. तार खाली राहिली, मामा, हातभर! तुम्ही धापा टाकत आलात. मला वाटलं, उघड्या डोक्याची सून बघून आता शिव्या देणार. तुम्ही रडत होता. "पोरी, लई मोठं काम केलंस."

कारखान्यात माझा नारळ-लुगडं देऊन सत्कार झाला. तुमचं खुणेचं काम गेलं. "लालच विसरला की!" असं म्हणून लोक चावडीवर तुम्ही जाईपर्यंत तुम्हाला चिडवत राहिले आणि तुम्ही मान खाली घालून म्हणायचात, "विसरलो खरं."

हा कागद कुठंच जायचा नाही, म्हणून तर लिहायचं धाडस होतंय. तुम्ही विसरला नव्हता, मामा. त्या साली घरात नवं कापड कुठलं? खुंटीवरच्या पिशवीतलं ते जाड, लालभडक फडकं मी आधीच कापलं होतं आणि बाळाला टोपडं शिवलं. तेच टोपडं घातलेल्या नातवाला खांद्यावर घेऊन तुम्ही गावभर मिरवलंत, आणि मी दारात उभी राहून बघत होते.