डाव्या डोळ्याचा नंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. आत नवा पत्ता आणि 'ताई, हा फक्त तुझ्याजवळ राहू दे' एवढी एकच ओळ. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. फोन नको, मेल नको, कागदच हवा, हा तुझा हट्ट म्हणून दुकानातल्या चष्म्याच्या नंबरच्या कार्डांच्या पाठीवर लिहितेय.

आई बरी आहे. तू ट्रेनिंगला गेलायस असं ती शेजारणीला सांगते, आणि कुठे, ते दरवेळी विसरते. चष्म्याच्या काचा घासून माझी बोटं मात्र पार गेली. त्यात मालकाने आता माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवलाय. दिवसभर कुणीतरी बघतंय म्हटलं की माणूस नुसतं बसूनसुद्धा दमतो. दार लावून घेणारा प्रत्येक जण चोर नसतो, असं तू म्हणायचास. तेव्हा मी हसायचे.

तुमचा तो ऑनलाइन ग्रुप मी अजून वाचते. हो, वाचते. नावाऐवजी चिमणीचं चित्र लावून मी वर्षभर तिथे गुपचूप बसलेय. कोणी कोणाला ती डिजिटल नाणी पाठवली हे कुणालाच दिसू नये, असा प्रोग्राम तू त्यांना फुकट लिहून दिलास. सगळे तुला कासव म्हणायचे, डोक्यावर घ्यायचे. मग कुणीतरी उठवलं की कासवाने प्रोग्राममध्ये सरकारला डोकवायला चोरदरवाजा ठेवलाय, आणि तेच लोक तुझ्यावर तुटून पडले. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी तुला घाण घाण शिव्या दिल्या. तू वैतागून ग्रुप सोडलास. माझं डोकं फिरलं.

त्यांच्या त्या मेळाव्याच्या फोटोत सगळ्यांचे, तुझाही, चेहरे झाकले होते, पण चष्मे झाकले नव्हते. तू ग्रुप सोडल्यावर दोन दिवसांत तुझ्या दाराचा फोटो तिथे आला, खाली माणसं मोबाइल धरून उभी. तुझं खरं नाव तिथे एकट्या दाढीवाल्याला माहीत होतं, म्हणून तू त्याला विश्वासघातकी ठरवलंस आणि दहा वर्षांची दोस्ती तोडून निघून गेलास.

धाकट्या, त्याने काही केलं नाही. मी केलं. तुझी बाजू घ्यायला मी त्या ग्रुपवर लिहिलं, की माझ्या भावाच्या डाव्या डोळ्याची उणे चौदाची काच मी स्वतःच्या हाताने घासते, उजव्याला साधी काच, आणि त्याच डोळ्यांनी तो तुमच्यासाठी राबतो. मोठ्या अभिमानाने लिहिलं गं बाई मी! त्यावरून कुणी फोटोतला चष्मा ओळखला, कुणी चष्म्याची दुकानं शोधत आमच्या दुकानापर्यंत आणि तिथून तुझ्या दारापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी मी ते पुसलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. तू मलाही सोडशील ही भीती होती, अजून आहे.

दाढीवाला दर आठवड्याला दुकानात येतो, चष्मा पुसून घेतो, तुझी खुशाली विचारतो. काल मी त्याच्यापुढे सगळं ओकून टाकलं. तो म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ताई. उणे चौदा तुमच्याशिवाय कोण लिहिणार? पण त्याला कुणीतरी एक आपलं राहायला हवं होतं ना." म्हणून हे पत्र. पत्ता बदलायचा असेल तर बदल, मला कळवू नकोस. पण आधी त्याला कळव.

तुझीच,
ताई